कापायचं गवत आणि पाणी पाजायचं लॉन

आज आपण गवतावर बोलणार आहोत. हसू नका. आपल्या भागात गवतासाठी माणसांनी गोळ्या झेलल्या आहेत, आणि आज त्याच भागात गवताला नळाचं पाणी पाजून वाढवतात आणि कापून कचऱ्यात टाकतात. हा बदल कसा झाला, ते बघू.

आपल्या आज्यांच्या काळी रोडपाली, कळंबोली, कामोठे या बाजूला सखल जमिनीत भात आणि उंचवट्यावर वरकस. वरकसात नाचणी, वरी, नाहीतर गवत. घरावर शाकारायला गवत, गुरांना गवत, भाताच्या राबाला पालापाचोळ्याबरोबर गवतच. उरलेलं मुंबईला जायचं. तिथे १८७४ साली ट्राम सुरू झाली ती घोड्यांची; विजेची ट्राम यायला १९०७ उजाडलं. तेवढ्या वर्षांत ट्रामचे घोडे, टांग्यांचे घोडे, तबेल्यातल्या म्हशी, सगळ्यांची पोटं आसपासच्या कोकणातल्या गवतावर भरली. भात झोडून झालं की बायामाणसं विळे घेऊन गवतावर जायची. भारे बांधायचे, डोक्यावर आणायचे, गंजी रचायची. मालकी मात्र बहुतेक वेळा सावकाराची, नाहीतर जंगलखात्याची.

म्हणून १९३० साली मिठाच्या सत्याग्रहापाठोपाठ महाराष्ट्रात जंगल सत्याग्रह पेटला. मीठ समुद्राकाठी मिळतं, पण यवतमाळच्या माणसाने समुद्र कुठून आणायचा? १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापलं. गवताची एक पेंढी, आणि त्यासाठी तुरुंग! त्याच वर्षी २५ सप्टेंबरला आपल्या शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेरला लोक अक्कादेवीच्या डोंगरावर जंगलचा कायदा मोडायला गेले. पोलिसांनी गोळीबार केला. तिथल्या हुतात्म्यांची आठवण दरवर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरला जागवतात, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे.

पंधरा वर्षांनी, १९४५ साली, डहाणू-उंबरगावकडच्या वारली बायापुरुषांनी गवतकापणी बंद ठेवली. मागणी अगदी साधी होती. पाचशे पौंड गवत कापलं तर अडीच रुपये द्या. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर. गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होत्या, आणि त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो लढा लिहून ठेवला आहे. गटात कोणी चांगलं वाचणारी असेल तर तिने ते पुस्तक मिळवून सगळ्यांना वाचून दाखवावं, इतकं ते आपलं आहे. त्या लढ्यातही गोळीबार झाला, माणसं गेली. गवत कापण्याच्या कामाला दर असतो आणि तो मागून घ्यावा लागतो, हे तिथे कळलं.

आता दुसरं गवत. लॉन हा शब्द आपल्याकडे लग्नाच्या हॉलच्या पाटीवर आधी आला आणि मग बागेत, पण मूळ तो इंग्लंडचा. तिथे बड्या लोकांच्या वाड्यापुढे हिरवळ राखायची पद्धत होती. मेंढ्या चरवून, नाहीतर कोयत्याने ती बुटकी ठेवायची. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापायचं यंत्र काढलं आणि हळूहळू साध्या घरापुढेही लॉन आलं. इंग्लंडात पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो, ऊनही बेताचं. तिथे लॉनला कोणी हंडे ओतत बसत नाही. साहेब इथे आला, त्याने जिमखाने आणि बंगले बांधले, आणि सवय बरोबर आणली. पाऊस मात्र आणता आला नाही. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पुढचे आठ महिने लॉन माणसाच्या जिवावर जगतं.

हिशेब करून बघा. उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायचं तर रोज साधारण पाच मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे दर चौरस मीटरला पाच लिटर. एक गुंठा लॉनला रोज पाचशे लिटर. पंधरा लिटरचे तेहतीस हंडे! एप्रिल-मे महिन्यात आपल्या भागात पाण्याचा टँकर येतो तेव्हा एका घराला किती हंडे मिळतात, ते आम्ही सांगायला नको.

१७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, त्यात आपल्या पट्ट्यातल्या जमिनीही आल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत जासई परिसरात पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के त्यातूनच मिळाले. हा इतिहास पुरुषमंडळी स्टेजवरून सांगतात, आणि सांगायलाच हवा. पण जमिनीबरोबर काय काय गेलं त्याची यादी कोणी केली नाही, कारण ते सातबाऱ्यावर लिहिलेलं नव्हतं. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर, वरून पाण्याचा एक थेंब न घालता येणारा वाल गेला. त्याच मोकळ्या शेतात आपसूक उगवणारा भांबुर्डा गेला, आणि त्याच्या पाल्याशिवाय पोपटीला पोपटी कोण म्हणेल? पावसाच्या तोंडावरची शेवळं, मग टाकळा, कुर्डू, फोडशी. श्रावणातल्या पूजेचा आघाडा. गौरी म्हणून घरात आणायचा तेरडा. त्याजागी सेक्टर झाले, सेक्टरात बागा, बागेत लॉन, आणि लॉनवर पाटी: गवतावर चालू नये.

परदेशात आता लॉन उलटं फिरायला लागलं आहे. कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला तेव्हा एप्रिल २०१५ मध्ये तिथल्या राज्यपालांनी पाच कोटी चौरस फूट लॉन काढून कमी पाण्याची झाडं लावायचा आदेश काढला. नेवाडा राज्याने २०२१ साली कायदाच केला, की लास वेगास भागात नुसतं शोभेचं लॉन राहू द्यायचं नाही. कित्येकजण लॉनच्या जागी क्लोव्हर लावतात. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमची बहीण, तीन पानांची. शेंगवर्गातली असल्यामुळे तिच्या मुळांवर गाठी येतात, त्या हवेतला नत्र जमिनीत धरतात, म्हणून युरिया लागत नाही. गंमत म्हणजे पूर्वी लॉनच्या बियाण्यात क्लोव्हर मुद्दाम मिसळत. दुसऱ्या महायुद्धानंतर रुंद पानाचं तण मारणारी औषधं बाजारात आली, त्यात क्लोव्हरही मरायला लागलं, आणि कालचं सोबती आज तण ठरलं.

क्लोव्हर आपल्याकडे लावा असं मात्र आम्ही म्हणणार नाही. ते थंड हवेचं. बरसीमसुद्धा आपल्याकडे थंडीपुरतंच. कोणी पाकीट घेऊन विकायला आलं तर पैसे घालवू नका. आपल्याकडे आहे ती हरळी, म्हणजे गणपतीच्या दूर्वा. शेतात तिला शिव्या घालत उपटतो, पण तिची मुळं खोल जातात. उन्हाळ्यात वरून वाळते आणि पहिल्या सरीला हिरवी होते. तिच्यात रानमेथी आणि शेवरा मिसळले तर तेही शेंगवर्गातलेच, नत्र धरणारे. कडेने तेरडा, कुर्डू, आघाडा, माका. मार्च ते मे ही जागा पिवळी दिसेल. दिसू दे की! कोकणातला माळ उन्हाळ्यात पिवळाच असतो. कोपऱ्यावरची पोरांची खेळायची जागा तेवढी पाण्यावर हिरवी ठेवावी, त्याला आमची ना नाही.

एक सावधगिरी. तळोजा एमआयडीसीच्या नाल्याकडेची, नाहीतर हायवेलगतची रानभाजी खुडून खाऊ नका, कितीही कोवळी दिसली तरी.

आता अवघड प्रश्न. आपल्यातल्या कितीतरी जणी या बागांमध्येच निंदणीला जातात. लॉनचं तण दर आठवड्याला काढावं लागतं, माळरानासारखी बाग वर्षातून दोनदा कापली की झालं. म्हणजे रोज कमी भरणार, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून पनवेल महापालिकेकडे किंवा सोसायटीकडे नुसतं 'लॉन काढा' म्हणून जाऊ नये. गटाने मिळून जावं आणि पुढचं काम लिहून मागावं: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी गळून गेल्यावर कापणी, त्याआधी बी गोळा करणं, पेंढ्या बांधणं, वाळलेलं गवत गाईम्हशीवाल्यांना विकायचा हक्क, आणि जूनच्या आधी मोकळ्या जागी बी पेरणं. प्रत्येक कामाचा दर वेगळा, किलोवर की रोजावर ते आधी ठरवून. बी यंदाच्या तेरड्यापासूनच धरायला सुरुवात करता येईल. बोंड पिवळसर झालं की हात लावण्याआधी खाली फडकं धरा, नाहीतर ते फुटून सगळं बी उडून जातं.