आघात, तडे आणि संगणकाचे भाकीत

एखाद्या वस्तूवरील भार सावकाश वाढत गेला, तर निर्माण होणारा ताण तिच्यात सर्वत्र वाटला जातो. आघात झाल्यास मात्र तेवढी सवड मिळत नाही. आघाताच्या जागेपासून ताणाची लाट निघते. पोलादात तिचा वेग सेकंदाला पाच किलोमीटरहून अधिक असतो. पदार्थातील सूक्ष्म भेग या लाटेच्या तडाख्यात सापडली की ती वाढते, वळते, प्रसंगी तिला फाटेही फुटतात. हे सारे मायक्रोसेकंदांत घडते. म्हणूनच त्याचा अभ्यास संगणकीय प्रारूपाच्या साहाय्याने केला जातो.

अशा प्रारूपात वस्तूची लाखो लहान घटकांत विभागणी करतात आणि प्रत्येक घटकाची हालचाल टप्प्याटप्प्याने मोजतात. लाट एक घटक ओलांडण्याच्या आत पुढील टप्पा गाठावा लागतो. एक मिलिमीटरच्या पोलादी घटकासाठी हा काळ सुमारे ०.२ मायक्रोसेकंद असतो. खरी अडचण तड्याची असते. नेहमीचे गणित पदार्थ अखंड मानते, तडा तर ती अखंडताच मोडतो. तडा घटकाच्या आतून जाऊ देणारी पद्धत १९९९ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात टेड बेलिच्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. सँडिया प्रयोगशाळेतील स्ट्युअर्ट सिलिंग यांनी २००० मध्ये 'पेरिडायनॅमिक्स' हा सिद्धान्त मांडला. त्यातील समीकरणे तडा पडला तरी लागू राहतात.

तथापि, गणिताचे भाकीत प्रयोगाच्या कसोटीवर उतरावे लागते. त्याची किंमत 'कोलंबिया' अवकाशयानाच्या दुर्घटनेत दिसली. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी बाह्य टाकीवरील फोमचा सुमारे पाऊण किलोचा तुकडा निखळला आणि ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. यान अवकाशात असताना हानीचा अंदाज घेण्यासाठी 'क्रेटर' नावाचे संगणकीय साधन वापरण्यात आले. हे साधन ज्या तुकड्यांच्या प्रयोगांवर बेतलेले होते, त्यांच्यापेक्षा हा तुकडा आकारमानाने सुमारे ४०० पट मोठा होता. धोका नसल्याचा निष्कर्ष निघाला. १ फेब्रुवारी रोजी परतीच्या वाटेवर यान भंगले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीरांना प्राण गमवावे लागले.

जुलै २००३ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे तशाच फोमचा मारा पंखाच्या कडेच्या प्रबलित कार्बनच्या फलकावर करण्यात आला. त्याला सुमारे ४० सेंटीमीटर रुंदीचे भगदाड पडले. पुढे फोम आणि कार्बन यांच्या स्वतंत्र चाचण्या घेऊन 'एलएस-डायना' या संगणकप्रणालीत नवी प्रारूपे तयार करण्यात आली व ती प्रत्यक्ष आघातांशी ताडून पाहण्यात आली.

संगणक उत्तर नेहमीच देतो; ते कोणत्या मर्यादेपर्यंत ग्राह्य धरावे, हे मात्र प्रयोगशाळेतच ठरते.