विदर्भातील सातवाहन पोटीन नाणी

सातवाहन राजांनी इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांच्या काळात विदर्भात चलनात आणलेल्या, पोटीन म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूच्या नाण्यांना ही संज्ञा आहे. याच काळात रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील नगरे सम्राटाच्या मुखवट्याची, परंतु स्वतःच्या नावाची आणि बहुधा ग्रीक लेखांची कांस्य नाणी स्थानिक व्यवहारासाठी पाडत होती. सातवाहनांच्या राज्यात असा अधिकार नगरांकडे असल्याचे दिसत नाही, मात्र प्रदेशागणिक धातू आणि चिन्हे बदलत असत: आंध्रात शिशाच्या नाण्यांचे प्राबल्य होते, तर विदर्भात पोटीनचे.

या नाण्यांच्या दर्शनी बाजूवर सोंड उचललेला हत्ती आणि त्याच्याभोवती ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख असतो, तर मागील बाजूवर क्रुसाच्या चार टोकांना वर्तुळे असलेले, ‘उज्जयिनी चिन्ह’ म्हणून ओळखले जाणारे चिन्ह असते. राजाचे चित्र नसते. नाणे लहान व कडा ओबडधोबड असल्याने पूर्ण लेख एकाच नाण्यावर क्वचितच उतरतो, म्हणून अनेक नाण्यांवरील तुटक अक्षरे शेजारी ठेवून नाव जुळवावे लागते, आणि ज्यांवर केवळ ‘सातकर्णी’ एवढेच उरते ती त्या नावाच्या कोणत्या राजाची, हा वाद सहजी मिटत नाही.

अशा वाचनाचे मोल तऱ्हाळ्याच्या निधीने सिद्ध केले. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील (आता वाशीम) मंगरूळपीर तालुक्यातल्या या गावी सुमारे १,६०० पोटीन नाणी सापडली आणि नागपूरचे संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती अभ्यासून प्रसिद्ध केली. गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी, विजय अशा परिचित नावांबरोबरच कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी ही पुराणांच्या वंशावळींत न आढळणारी नावे त्यांत निघाली. या तिघांच्या राज्यकालाचा आणि परस्परनात्याचा निर्णय नाण्यांवरून होत नाही. तरीही हलक्या धातूची म्हणून ही नाणी चांदीच्या नाण्यांमागे टाकणे अन्यायाचे आहे, कारण सातवाहन सत्तेच्या अखेरच्या पर्वासाठी विदर्भात यांच्याइतका थेट पुरावा दुसरा नाही. १८८८ मध्ये चांदा (चंद्रपूर) येथेही याच वर्गातील नाण्यांचा निधी मिळाला होता.