पाँडिचेरीच्या घरातील हेर

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी माझी नेमणूक महाराष्ट्राबाहेरील एका राज्यात होती. तेथे स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्यापूर्वी त्यांच्याविषयी गोपनीय अहवाल मागविण्याची पद्धत होती. अशीच एक फाइल माझ्याकडे आली. एका खेड्याबाहेर सात-आठ तरुण एकत्र राहत, थोडी शेती करीत व आसपासच्या मजुरांना किमान वेतनाचा कायदा समजावून सांगत. अहवालात म्हटले होते की तेथे रात्री उशिरापर्यंत बैठका चालतात आणि बाहेरची अनोळखी माणसे मुक्कामाला असतात. मी 'सहमत' असा शेरा मारून फाइल पुढे पाठविली. त्या वर्षीचे अनुदान थांबले.

काही महिन्यांनी दुसऱ्याच तालुक्यातील दोन संस्थांचे अहवाल आले. दोन्हींत तेच वाक्य होते, आणि त्यातील एका शब्दाची चूकही तीच होती. चौकशी केल्यावर कळले की तिन्ही अहवालांचा खबऱ्या एकच होता आणि त्याला अहवालागणिक पैसे मिळत. मी एम.ए. अर्थशास्त्रात केले आहे. ज्या वस्तूला मोल मिळते तिचे उत्पादन वाढते, हा पहिल्या वर्षाचा धडा मला तेव्हा फाइलवर दिसला.

अर्थशास्त्र हा शब्द आला म्हणून कौटिल्याचे स्मरण करतो. त्याच्या गूढपुरुषांमध्ये 'उदास्थित' नावाचा एक प्रकार आहे. संन्यास सोडलेल्या बुद्धिमान माणसाला राजाने धन द्यावे, शिष्य द्यावेत आणि त्याने शेती, पशुपालन व व्यापार करीत एक ठाणे उभारावे, अशी ती योजना. म्हणजे हेराने आश्रमात शिरण्याऐवजी आश्रमच राज्याने काढायचा! परंतु कौटिल्याने एक पथ्यही सांगितले आहे: हेरांनी एकमेकांना ओळखता कामा नये, आणि तिघांचे सांगणे जुळले तरच ते खरे धरावे. माझ्या फाइलवर तीन अहवाल जुळत होते खरे, पण ते एकाच माणसाचे होते.

या निमित्ताने मी श्रीअरविंदांच्या पाँडिचेरीतील पहिल्या काही वर्षांविषयी पुन्हा वाचले. बडोद्याच्या मराठी मंडळींना हे नाव परके नाही. १८९३ ते १९०६ या काळात ते सयाजीराव महाराजांच्या सेवेत होते, मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मध्ये त्यांनी काँग्रेसच्या मवाळ राजकारणावर टीका करणारे लेख लिहिले, आणि जानेवारी १९०८ मध्ये विष्णु भास्कर लेले यांच्याकडून त्यांना योगाचे मार्गदर्शन मिळाले तेही बडोद्यातच.

सरकारचा त्यांच्यावरील संशय निराधार होता असे मी म्हणणार नाही. त्यांचे धाकटे बंधू बारींद्रकुमार यांनी कलकत्त्याजवळ माणिकतला येथील मुरारीपुकुरच्या बागेत तरुणांचा एक आश्रम चालविला होता. तेथे गीतेचे वाचन होई आणि बॉम्बही तयार होत. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे न्यायाधीश किंग्जफोर्ड यांच्यासाठी फेकलेल्या बॉम्बने दोन निरपराध इंग्रज स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. २ मे रोजी पहाटे पोलिसांनी बागेवर छापा घातला तेव्हा शस्त्रे व स्फोटके प्रत्यक्ष सापडली.

पण त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट उघडकीस आली, ती प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. डिसेंबर १९०७ मध्ये नारायणगढजवळ बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर फ्रेझर यांची गाडी उडविण्याचा प्रयत्न झाला होता. पोलिसांनी त्यासाठी रेल्वेचे काही मजूर पकडले, कबुलीजबाब मिळविले आणि न्यायालयाने त्यांना शिक्षाही दिली. पुढे निष्पन्न झाले की सुरुंग माणिकतल्याच्या मंडळींनी पेरला होता. मजुरांनी कबूल केलेला गुन्हा त्यांनी केलेलाच नव्हता. वरिष्ठांना तातडीने उत्तर हवे होते, खालच्यांनी ते पुरविले, आणि मध्ये तुरुंगात गेले ते मजूर.

अरविंद वर्षभर अलिपूरच्या तुरुंगात होते. ६ मे १९०९ रोजी न्यायाधीश बीचक्रॉफ्ट यांनी त्यांना निर्दोष सोडले. ४ एप्रिल १९१० रोजी ते फ्रेंच अमलाखालील पाँडिचेरीस पोहोचले. सुब्रह्मण्य भारती तेथे आधीपासून होते, त्याच वर्षी व्ही. व्ही. एस. अय्यर आले. आपण योगसाधनेसाठी येथे आलो आहोत, असे अरविंदांनी 'द हिंदू'कडे पत्र पाठवून जाहीर केले. सरकारने त्यावर विश्वास ठेवला नाही. १७ जून १९११ रोजी मणियाची स्थानकावर तिरुनेलवेलीचे कलेक्टर ॲश यांची हत्या झाल्यावर तर पाळत अधिकच कडक झाली. ब्रिटिश हद्दीबाहेरच्या त्या लहानशा गावात गुप्त पोलिसांची एक तुकडीच मुक्कामाला असे.

आणि पाळत कोणावर? चार-पाच बंगाली तरुण व अरविंद असे ते घर. पैशांची इतकी ओढाताण की सर्वांत मिळून अंग पुसण्याचे एकच वस्त्र. मुले गावातल्या मुलांबरोबर फुटबॉल खेळत आणि अरविंदांकडे भाषा शिकत. अशा घराबद्दल रोज काय कळवायचे, हा प्रश्न कोणत्याही हेराला पडला असता.

मयूरेशन नावाच्या हेराने तो आपल्या पद्धतीने सोडविला. १९१२ साली अय्यर यांच्या घरच्या विहिरीत कोणीतरी एक भांडे टाकले. पाणी काढताना ते मोलकरणीच्या हाती लागले. आत कालीमातेचे चित्र व आक्षेपार्ह कागद होते. अरविंदांचा सल्ला असा पडला की स्वतः होऊनच फ्रेंच पोलिसांना कळवावे. त्यानंतर मयूरेशनच्या तक्रारीवरून झडती झाली. नांदो नावाचे फ्रेंच दंडाधिकारी अरविंदांच्या घरी आले. टेबलाच्या खणात त्यांना ग्रीक व लॅटिन लिखाण आढळले. हा मनुष्य लॅटिन व ग्रीक जाणतो हे पाहून ते चकित झाले आणि झडतीचा नूरच पालटला. खोटी तक्रार अंगाशी येणार हे दिसताच मयूरेशनने ब्रिटिश हद्दीत पळ काढला. मला यातील नांदो यांचे वागणे महत्त्वाचे वाटते. ते उघडपणे आले, समोर होते ते त्यांनी पाहिले, आणि आपले मत बदलले.

दुसरा हेर थेट घरातच राहत होता. त्याची हकीकत त्या घरातलेच एक, नलिनीकांत गुप्त, यांनी आपल्या आठवणींत सांगितली आहे. नगेंद्र नाग नावाचे आजारी गृहस्थ तेथे राहावयास आले. त्यांच्यासोबत सेवेसाठी बिरेन रॉय नावाचा तरुण आला. तो स्वयंपाक करी, सर्वांत मिसळून राही. काही काळाने त्याला परत जावेसे वाटू लागले व त्याच्या जागी दुसरा माणूस येणार असे ठरले. नव्या माणसाला ओळख पटावी म्हणून बिरेनने मुंडन करायचे होते. त्याने ते केले. ते पाहून घरातला एक तरुण, मणी, म्हणाला की मीही करतो. बिरेनने त्याला परोपरीने अडविले; पण तरुणच तो, त्याने हट्टाने डोके भादरून घेतले.

मणीला कशाचीच कल्पना नव्हती. बिरेनला मात्र वाटले की आपले बिंग फुटले आणि ही सर्व मंडळी आपली परीक्षा पाहत आहेत. काही दिवस तो आतल्या आत झुरत राहिला. एका संध्याकाळी सर्व बसले असताना त्याने एकाएकी सांगून टाकले की मी हेर आहे. कोणाला खरेच वाटेना. ही थट्टा असावी असे समजून सर्व त्याच्याकडे पाहत राहिले. तेव्हा तो उठला, पोलिसांकडून मिळालेले पैसे पेटीतून आणून त्याने अरविंदांच्या पायांशी ठेवले आणि असे काम पुन्हा करणार नाही म्हणून रडू लागला.

ब्रिटिश कचेरीच्या दृष्टीने बिरेन फुकट गेलेला हेर. तो त्या घरात जेवला, त्याने तेथे रांधले, आणि राहता राहता त्याला ते घर कळले. मयूरेशनला घर कळण्याची आवश्यकताच नव्हती. कार्यालयात बसून अहवाल वाचणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र दुसराच अधिक कार्यक्षम वाटला असता. त्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत मी बसलेलो आहे, म्हणून हे लिहितो.

माझ्या त्या फाइलवर मी नंतर टिपणी लिहिली की तिन्ही अहवालांचा उगम एकच आहे, तरी फेरविचार व्हावा. वरून उत्तर आले: प्रकरण निकाली निघाले आहे, संस्थेस पुढील वर्षी नव्याने अर्ज करण्याची मुभा आहे. पुढच्या वर्षी मी मुद्दाम अर्जांची यादी पाहिली. त्यांचा अर्ज आला नव्हता. एका दौऱ्यात वाट वाकडी करून मी त्या खेड्यात गेलो. घराला कुलूप होते. शेजारच्या म्हातारीने मला ओसरीवर बसविले, पाणी दिले आणि विचारले, "तुम्ही त्यांच्यापैकी का?" मी नाही म्हणालो. मग तिने सांगितले की मुले पावसाळ्याच्या आधीच निघून गेली. रात्रीच्या बैठकांबद्दल मी विचारले, तेव्हा म्हणाली की दिवसा सर्व मजुरीला जातात, रात्री नाही तर कधी जमणार?