चूक दोघांची, भरपाई कोणाची?

4 सप्टेंबर 2022, रविवारची दुपार. डहाणू तालुक्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर एक मोटार कठड्यावर आदळली आणि टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री जागीच गेले. उदवाड्याहून मुंबईकडे निघालेल्या त्या गाडीत चौघे होते. मागच्या सीटवरचे दोघे दगावले, पुढचे दोघे गंभीर जखमी होऊन वाचले. मागच्यांनी सीटबेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. पुढे चालकावर गुन्हा दाखल झाला. पुलाजवळ तीन लेनच्या दोन होतात, यावरही बरीच चर्चा झाली.

म्हणजे एकाच अपघातात तीन दिशांना बोटं गेली. गाडी चालवणारा, रस्ता बांधणारा आणि पट्टा न लावता बसलेला. त्या कुटुंबांच्या भरपाईचा विषय मला इथे काढायचा नाही. मला दिसतात ते याच महामार्गावर मनोर, चारोटी, दापचरी, तलासरी, आच्छाड या पट्ट्यात मरणारे बाकीचे लोक. वापी-उंबरगावच्या कारखान्यांत कामाला निघालेले मजूर, एका दुचाकीवर बसलेले तिघे, बाजारहाट करून रस्ता ओलांडणारी बाई. अशा माणसाच्या घरी पहिलं वाक्य ऐकू येतं ते हेच : ‘चूक तुमच्याच माणसाची होती, तुम्हाला काय मिळणार?’ हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने खरं आहे का? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

सिंहाचा खड्डा आणि दोन घोडेस्वार

मरणाऱ्याचाही दोष असेल तर काय, हा प्रश्न मोटारीहून फार जुना आहे. मुस्नद अहमदमध्ये हजरत अलींच्या येमेनमधल्या एका निवाड्याची नोंद आहे. सिंह पकडायला खणलेल्या खड्ड्याभोवती लोकांची झुंबड उडाली. एकाचा तोल गेला, त्याने दुसऱ्याला धरलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला. चौघेही खड्ड्यात पडून मेले. त्यांच्या टोळ्या एकमेकांवर हत्यारं उपसायला निघाल्या, तेव्हा अलींनी हिशेब मांडला. पहिल्याच्या वारसांना पाव दियत (म्हणजे मृत्यूची भरपाई), दुसऱ्याच्या वारसांना एक तृतीयांश, तिसऱ्याच्या वारसांना अर्धी आणि चौथ्याच्या वारसांना पूर्ण. ज्याने जितक्यांना खाली ओढलं, तितकी त्याची भरपाई घटली. चौथ्याने कोणालाच ओढलं नव्हतं, म्हणून त्याला पूर्ण. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते : ज्याचा तोल आधी गेला, त्याच्याही घरी शून्य गेलं नाही.

पुढे फकीहांनी दोन घोडेस्वारांची टक्कर हे उदाहरण घेऊन बराच काथ्याकूट केला. दोघेही टकरीत मेले तर काय? हनफी म्हणाले, रस्त्याने चालण्याचा हक्क दोघांना आहे, म्हणून प्रत्येकाच्या बाजूने दुसऱ्याची पूर्ण दियत द्यावी. शाफईंचं म्हणणं वेगळं. प्रत्येक जण अर्धा स्वतःच्या आणि अर्धा दुसऱ्याच्या कृतीने मेला, म्हणून अर्धीच दियत. आपल्या किनारपट्टीवरचे कोकणी मुसलमान शाफई. आज न्यायालयात ‘पन्नास-पन्नास टक्के’ असा शब्द येतो, त्यामागचा विचार आपल्या मदरशांच्या जुन्या किताबांत असा बसलेला आहे.

इंग्रजांचं ‘सगळं किंवा काहीच नाही’

इंग्लंडचा कायदा मात्र बराच काळ कठोर राहिला. 1809 च्या एका खटल्यात डर्बी गावात एकाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यात खांब आडवा टाकला होता. तिन्हीसांजेला भरधाव घोडा फेकणारा एक जण त्यावर आदळून पडला. कोर्ट म्हणालं, तू सावकाश आला असतास तर खांब दिसला असता. तुला एक पैसाही नाही. खांब टाकणारा सुटला.

हा अन्याय न्यायाधीशांनाही बोचू लागला. 1842 मध्ये पुढचे पाय बांधून रस्त्यात सोडलेलं एक गाढव भरधाव गाडीखाली मेलं. मालकाची चूक होतीच. पण अपघात टाळण्याची शेवटची संधी गाडीवानाच्या हातात होती, म्हणून भरपाई त्यानेच द्यावी, असा निकाल लागला. तरी हाही मार्ग एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाण्याचाच होता. सगळं एकाच्या पदरात, दुसऱ्याला काहीच नाही. वाटणी करायला इंग्लंडला 1945 चा कायदा करावा लागला. तेव्हापासून पीडिताचा दोष भरपाई कमी करतो, संपवत नाही.

सीटबेल्टचा प्रश्न तिथे 1975 मध्ये आला. लॉर्ड डेनिंग यांनी अपघाताचं कारण आणि इजेचं कारण वेगळं केलं. पट्टा न लावल्याने टक्कर होत नाही, इजा मात्र वाढते. पट्ट्याने इजा पूर्ण टळली असती तर 25 टक्के कपात, बरीच कमी झाली असती तर 15 टक्के, काहीच फरक पडला नसता तर कपात नाही. चारोटीच्या अपघातानंतर मागच्या सीटच्या पट्ट्यावर जी चर्चा आपल्याकडे झाली, तिच्यात हा फरक फारसा कोणी सांगितला नाही.

आपल्याकडे काय झालं

बोरीबंदर ते ठाणे रेल्वे 1853 मध्ये धावली आणि दोनच वर्षांनी 1855 चा प्राणघातक अपघात कायदा आला. मेलेल्या माणसाच्या घरच्यांना नुकसानभरपाई मागता येऊ लागली. मोटारींसाठी 1939 चा कायदा झाला, 1956 च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणं आली, आणि सध्याचा मोटार वाहन कायदा 1988 चा. इंग्लंडच्या 1945 सारखा वेगळा कायदा भारताने केला नाही. पण आपल्या न्यायालयांनी तेच तत्त्व न्याय्य म्हणून स्वीकारलं. 1970 च्या दशकात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने बस आणि मोटारसायकलच्या टकरीत मोटारसायकलस्वाराचा दोष दोन तृतीयांश धरला. तरीही उरलेल्या एक तृतीयांशाची जबाबदारी बसवर राहिलीच.

हा हिशेब घरात कसा उतरतो ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. 28 वर्षांचा, महिना 12,000 रुपये कमावणारा मजूर. घरात त्याच्यावर अवलंबून असलेली पाच माणसं. वर्षाची कमाई 1,44,000. पुढे मिळकत वाढली असती म्हणून 40 टक्के जोडले की 2,01,600. त्याचा स्वतःचा खर्च पाव भाग वजा केला की 1,51,200. या वयाला सुप्रीम कोर्टाने ठरवलेला गुणक 17, म्हणजे 25,70,400 रुपये. त्याचा दोष 30 टक्के ठरला तर 7,71,120 कमी होतात आणि कुटुंबाला 17,99,280 मिळतात. ‘चूक तुमचीच’ या एका वाक्याने घाबरून जे घर दावाच करत नाही, ते एवढ्या रकमेवर पाणी सोडतं.

तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात

पहिली, दोष सिद्ध करावा लागतो, आणि तो आरोप करणाऱ्याने सिद्ध करायचा असतो. कायदा मोडला म्हणजे अपघातात वाटा होताच, असं नाही. एका मोटारसायकलवर तिघे होते म्हणून एका तरुणाच्या आईवडिलांची भरपाई दहा टक्क्यांनी कापली गेली होती. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कपात रद्द केली. तिघे बसणं हा गुन्हा असेल, पण त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दिसायला हवं, असं कोर्टाने म्हटलं. लायसन नव्हतं एवढ्याने मृताचा दोष ठरत नाही, हेही 2008 पासून स्पष्ट आहे.

दुसरी, प्रवासी आणि चालक यांची गल्लत करू नये. जीप आणि ट्रक यांची टक्कर झाली, चूक दोन्ही चालकांची होती, तर जीपमधल्या निर्दोष प्रवाशाच्या भरपाईत कपात होत नाही. तो पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो. आपापसातली वाटणी त्यांनी नंतर करावी. मालवाहू टेम्पोच्या हौद्यात बसून जाणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. तिथे विमा कंपनी हात वर करू शकते, आणि हे दुखणं आपल्या पट्ट्यात मोठं आहे.

तिसरी, मुदत. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या तरतुदीत दाव्यासाठी सहा महिने दिले आहेत. दावा अपघात झाला तिथल्या किंवा स्वतः राहतो तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो. कोणाचाही दोष न दाखवता मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळण्याचीही सोय आहे. पण ती रक्कम एकदा स्वीकारली की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. म्हणून अंगठा उठवण्याआधी वकिलाला विचारावं. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावं.

माझ्या मते भरपाईतली खरी विषमता टक्केवारी ठरण्याच्या आधीच सुरू होते. पंचनाम्यात काय लिहिलं गेलं, साक्षीदार कोणी शोधला, वारली बोलणाऱ्या बाईचा जबाब तिला कळेल अशा भाषेत वाचून दाखवला का, यावर ती टक्केवारी उभी असते. मृताला बाजू मांडता येत नाही, जिवंत चालक मांडतो. चारोटीच्या अपघाताची चौकशी साऱ्या देशाने पाहिली. त्याच पुलावरून पायी जाणारा मेला तर निदान पंचनामा नीट व्हावा आणि त्याची प्रत घरच्यांनी मागून घ्यावी. मृताचा दोष किती, हे न्यायाधिकरण ठरवील. ते ट्रकमालकाच्या माणसाने दवाखान्याच्या दारात ठरवायचं नसतं.