पागेपासून पिल्लाच्या छातीपर्यंत

भीमा आणि घोड या नद्यांच्या काठचा मुलूख हा घोड्यांचा मुलूख. दौंड-बारामतीकडच्या पट्ट्याला भीमथडी म्हणत आणि मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेल्या तिथल्या काटक घोड्यांनाही तेच नाव मिळाले. शिरूरला, म्हणजे घोडनदीला, इंग्रजांची छावणी होती. १८१७ सालच्या अखेरच्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी कोरेगावकडे निघाली ती या छावणीतूनच. सोबत त्याच वर्षी उभारलेले पुणे ऑक्झिलरी हॉर्सचे स्वार होते. शिरूर तालुक्यातील एका आलेगावच्या नावापुढे आजही ‘पागा’ हा शब्द लागतो.

अशा मुलखात जनावरांचा वैद्य म्हणजे घोड्यांचा वैद्य. अश्वविद्येचा आद्य आचार्य मानल्या गेलेल्या शालिहोत्राच्या नावावरून घोडेवैद्याला ‘सालोत्री’ म्हणत. कुत्र्यांच्या वैद्यासाठी असा शब्द रूढ झाल्याचे दिसत नाही. इंग्रजी अमदानीतही हा क्रम फारसा बदलला नाही. १८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. १८८९ मध्ये पुण्यात इंपिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते आणि १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली गेली. तिच्यापुढचे प्रश्न होते गुरांच्या बुळकांडीचे आणि घोड्यांच्या ‘सरा’ रोगाचे. १८९९ चा ग्लँडर्स अँड फार्सी कायदाही मुख्यतः घोड्यांच्या रोगासाठीच. लष्कराला घोडा हवा होता, महसुलाला बैल हवा होता.

कुत्रा मात्र सगळीकडे होता. जेजुरीच्या खंडोबाच्या चित्रांत तो घोड्याच्या पायाशी धावतो आणि खंडोबाचा वाघ्या अंगात आल्यावर कुत्र्यासारखा भुंकतो. धनगराच्या मेंढवाड्याची रात्र त्याच्या भरवशावर सरते. एवढा मान असूनही औषधोपचाराच्या जमाखर्चात त्याचे पान कोरेच राहिले.

या उपेक्षेला एक विलक्षण दुसरी बाजू आहे. रुग्ण म्हणून ज्याला कोणी विचारले नाही, तोच कुत्रा छातीच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात जवळजवळ प्रत्येक वळणावर टेबलावर बांधलेला आढळतो.

छाती ही बंद पेटीसारखी असते. पेटीच्या भिंती आणि फुफ्फुसे यांच्यामधल्या पोकळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून फुफ्फुसे फुगलेली राहतात. पेटीला भोक पडले की हवा आत शिरते, फुफ्फुस मिटते आणि प्राणी गुदमरतो. त्यामुळे पोट उघडण्याचे धाडस शल्यवैद्यांनी केले, तरी छाती बराच काळ वर्ज्य राहिली.

लंडनमध्ये रॉबर्ट हूकने १६६४ मध्ये एका कुत्र्याची छाती उघडली आणि श्वासनलिकेत भात्याने हवा भरून त्याला तासाभराहून अधिक जिवंत ठेवले. त्या प्राण्याच्या यातना पाहून असा प्रयोग पुन्हा करण्याची इच्छा उरली नाही, असे त्याने रॉबर्ट बॉइलला कळवले. तरीही ऑक्टोबर १६६७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे तो पुन्हा झाला. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. या वेळी फुफ्फुसांच्या पृष्ठभागाला छिद्रे पाडून भात्याची हवा सतत आत सोडली होती. फुफ्फुसे हलत नव्हती, तरी कुत्रा जगला. प्राण टिकतो तो ताज्या हवेमुळे, फुफ्फुसांच्या हालचालीमुळे नव्हे, हे त्यातून सिद्ध झाले. छाती उघडी असताना प्राणी जगू शकतो, हेही. आजचे भूलशास्त्र कृत्रिम श्वासावर उभे आहे आणि त्या श्वासाच्या पूर्वजांत हा भाता मोडतो. हूकचे नाव पाठ्यपुस्तकात स्प्रिंगच्या नियमासाठी येते. त्या कुत्र्याचे कशासाठीच येत नाही.

पुढची दोन वळणे जर्मनीतली. सप्टेंबर १९०१ मध्ये हँबुर्गच्या परिषदेत गेओर्ग केलिंगने एका जिवंत कुत्र्याच्या पोटात हवा भरली, मूत्राशय पाहण्याची दुर्बीण लहानशा छिद्रातून आत घातली आणि न चिरता पोटाचे अंतरंग पाहून दाखवले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास येथून सुरू होतो. १९०४ मध्ये ब्रेस्लाऊला फर्डिनांड झाऊरब्रूखने कमी दाबाची एक खोलीच बांधली. रुग्णाचे धड आत, डोके बाहेर. छाती उघडली तरी फुफ्फुस मिटू नये ही युक्ती. तिच्याही आधीच्या चाचण्या कुत्र्यांवर झाल्या. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या याकोबेउसने दुर्बीण माणसाच्या छातीत घातली आणि क्षयरोगाच्या उपचारात तिचा उपयोग होऊ लागला.

आता मूळ विकाराकडे वळू. काही बालकांची उरोस्थी, म्हणजे छातीच्या मधले हाड, जन्मापासून आत दबलेली असते. वैद्यकात याला पेक्टस एक्स्कव्हेटम म्हणतात. अमेरिकी शल्यचिकित्सक मार्क रॅव्हिच यांनी १९४९ मध्ये त्यासाठी पद्धतशीर शस्त्रक्रिया मांडली : छाती समोरून उघडायची, वाकड्या कूर्चा काढायच्या, हाड सरळ बसवायचे. ती गुणकारी होती, पण मोठी होती. पुढे व्हर्जिनियातील नॉरफोकच्या डोनाल्ड नस यांनी १९८७ पासून वेगळी वाट धरली. लहान मुलाच्या कूर्चा इतक्या लवचिक असतात की त्या कापण्याचे कारणच काय? काखेखाली दोन लहान चिरा, उरोस्थीखालून सरकवलेली धातूची कमानदार पट्टी, ती उलटवली की खळगा वर उचलला जातो. काही वर्षांनी पट्टी काढून घ्यायची. दहा वर्षांचा अनुभव त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे पट्टी सरकवताना हृदयाला इजा होऊ नये म्हणून छातीत दुर्बीण घालण्याचा प्रघात पडला. केलिंगच्या कुत्र्याचा वारसा असा मुलांच्या कामी आला.

हाच विकार कुत्र्याच्या आणि मांजरीच्या पिल्लांतही आढळतो. पिल्लू लवकर दमते, धापा टाकते, भावंडांइतके वाढत नाही. कधी जीभ निळसर पडते. हृदय एका बाजूला सरकलेले असते. आखूड नाकाच्या जातींत तो अधिक दिसतो. दख्खनच्या कारवानी कुत्र्याची छाती मुळात खोल आणि अरुंद, धावण्यासाठीच घडलेली. पग ही त्याच्या अगदी उलट घडण. २००३ च्या सुमारास हच कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे धावणारा पग देशभर लाडका झाला आणि चेपलेल्या नाकाच्या कुत्र्यांची हौस लहान गावांपर्यंत पोहोचली. हौसेबरोबर त्यांचे श्वासाचे आजारही आले.

पिल्लांसाठी जी युक्ती रूढ झाली, ती नस यांच्या पट्टीहून साधी आहे. १९८९ मध्ये मांजरीच्या एका पिल्लावर ती केल्याचा वृत्तान्त पशुवैद्यकीय नियतकालिकात आला. छाती उघडायचीच नाही. त्वचेतून वाकडी सुई आत घालून उरोस्थीला वळसा देणारे टाके घ्यायचे आणि त्यांची टोके छातीबाहेर, पिल्लाच्या मापाने वाकवलेल्या साच्याला बांधायची. साचा हाड बाहेर ओढून धरतो. पिल्लू झपाट्याने वाढत असल्याने काही आठवड्यांतच छाती नव्या आकारात घट्ट होते आणि साचा काढता येतो. सगळा धोका सुईच्या त्या वळणात आहे, कारण हृदय आणि फुफ्फुस तिच्यापासून जेमतेम अंतरावर असतात आणि हात त्या क्षणी आंधळा असतो.

हे जमते ते कोवळ्या वयातच. कूर्चा कठीण झाल्या की छाती उघडून मोठी शस्त्रक्रिया करण्यावाचून फारसे पर्याय उरत नाहीत. म्हणून या उपचाराचे भवितव्य निदानाच्या तारखेवर ठरते. शिरूर-दौंडच्या पशुवैद्याचा दिवस आजही बहुतांशी दुभत्या गाई-म्हशींत जातो. अवघड शस्त्रक्रियेसाठी परळचे जुने महाविद्यालय किंवा सातारा जिल्ह्यात शिरवळला १९८८ मध्ये निघालेले क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय, अशी वाट धरावी लागते. निदानाची पहिली पायरी मात्र मेंढवाड्यावरही चढता येते. पिल्लाला उताणे धरून बोट छातीच्या मधल्या हाडावरून पोटाकडे न्यायचे. निकोप पिल्लात ते सरळ सरकते. विकार असेल, तर बरगड्या संपण्याच्या सुमारास बोट खळग्यात उतरते.