येरवड्याच्या भिंतीबाहेरची मुलं

वाघोलीहून पुण्याला निघालं, खराडी मागे पडली की येरवडा येतं. तिथलं मध्यवर्ती कारागृह १८७१ सालचं. आत कोण कोण होतं ते शाळेच्या पुस्तकात असतं. पण आत गेलेल्या माणसाची मुलं बाहेर कशी वाढली, हे पुस्तकात सहसा नसतं. आज आम्ही त्या मुलांचा इतिहास सांगणार आहोत. कारण अशी मुलं आपल्या वस्तीतही आहेत.

सुरुवात पुण्यातल्याच एका घरापासून करू. १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेलं. मागे पत्नी सत्यभामाबाई आणि शिकणारी मुलं. १९१२ मध्ये सत्यभामाबाई वारल्या. म्हणजे रामभाऊ आणि बापू या मुलांची आई गेली तेव्हा वडील हजारो मैलांवर कोठडीत होते. घरचा कारभार टिळकांचे भाचे धोंडोपंत विद्वांस बघत होते. टिळक सुटून आले ते १९१४ च्या जूनमध्ये. सहा वर्षं म्हणजे मुलाचं अर्धं बालपण. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या मुलांना पुण्यात कुणी हिणवलं नाही. वडील तुरुंगात, ही त्यांच्या घराची शान होती.

दुसरी गोष्टही पुण्यातलीच. १९३१ पासून पुढची काही वर्षं इंदिरा नेहरू, म्हणजे पुढच्या इंदिरा गांधी, पुण्यात शिकत होत्या. जहांगीर आणि कुंवरबाई वकील या जोडप्याची ती शाळा. विजयालक्ष्मी पंडितांच्या मुलीही तिथेच होत्या. कारण साधं होतं. घरातली मोठी माणसं एकामागून एक तुरुंगात जात होती. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी येरवड्यात उपोषण केलं, तेव्हा चौदा वर्षांची इंदिरा त्यांना भेटायला तुरुंगात गेली होती. नंतर गांधीजींनी नेहरूंना तार करून मुलीची खुशाली कळवली. एक कैदी दुसऱ्या कैद्याला त्याच्या लेकराची खबर देतो, यातच सगळं आलं. तुरुंगातल्या बापाला दुसरं हवं तरी काय असतं? नेहरूंनी तुरुंगातून मुलीला जवळजवळ दोनशे पत्रं लिहिली, त्यांचं पुढे जाडजूड पुस्तक झालं. बाप दूर होता, पण मुलीला शाळा होती, पत्रं होती, चौकशी करणारी माणसं होती.

आता त्याच काळातली दुसरी बाजू बघा. इंग्रजांनी १८७१ मध्येच, येरवड्याची भिंत झाली त्याच साली, गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने तो आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, टकारी, मांग गारुडी अशा कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. सोलापूरला त्यांची वसाहत होती, भोवती तारेचं कुंपण. माणसांची हजेरी घ्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. तिथे जन्मलेलं बाळ कुठलाही गुन्हा न करता कुंपणाच्या आत वाढायचं. एवढंच नाही, मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवायची सोयही कायद्यात होती. हा कायदा देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. म्हणून ही माणसं ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला, संशय राहिला. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या आत्मकथेत तो संशय घरात शिरलेला दिसतो.

टिळकांची मुलं आणि सोलापूरच्या कुंपणातली मुलं, दोन्ही लेकरंच. दोघांचाही काही गुन्हा नव्हता. फरक पडला तो लोकांच्या नजरेचा.

आपल्या वाघोलीने तर चांगली नजर दाखवलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. भारतीय जैन संघटनेने तिकडची सुमारे बाराशे मुलं शिकायला पुण्याकडे आणली. पुढे त्यांचं शैक्षणिक संकुल आपल्या वाघोलीत उभं राहिलं. त्या मुलांकडे कुणी बोट दाखवलं नाही. आईबाप भूकंपात गेले म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं. बाप तुरुंगात गेला म्हटलं की आवाज खाली जातो. भाकरी मात्र दोन्ही लेकरांना तेवढीच लागते.

गटांच्या कामात आम्ही हे बघतो. बाई सांगते, मालक बाहेरगावी कामाला गेलेत. पोराला घरातून ताकीद असते, कुणी विचारलं तर तसंच सांग. मग ते पोर मित्र तोडतं, कारण मित्र प्रश्न विचारतात. थोरली मुलगी शाळा सोडून धाकट्यांना सांभाळते. तारखेला जायचं, वकिलाचे पैसे द्यायचे, भेटीच्या दिवशी मजुरी बुडवायची. पोलिस रात्री घरी आले असतील तर लहान मूल पुढे कितीतरी दिवस दार वाजलं तरी दचकतं.

आणि लोक आधीच निकाल लावून मोकळे होतात. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी साधारण तिघे कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाही. कोर्टाने अजून ठरवलं नाही ते वस्तीने ठरवून टाकलं, तर त्याची शिक्षा कुणाला? मुलाला.

आई तुरुंगात गेली तर आणखी अवघड. १३ एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. उपाध्याय खटल्यात याबद्दल निकाल दिला. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं, पण त्याला कैदी समजायचं नाही. त्याला वेगळा आहार, कपडे, औषधपाणी, पाळणाघर, बालवाडी मिळाली पाहिजे. बाळंतपण होता होईल तो बाहेरच्या दवाखान्यात करायचं. तुरुंगात मूल जन्मलं तरी दाखल्यावर जन्मठिकाण म्हणून तुरुंग लिहायचं नाही. या शेवटच्या वाक्यात किती शहाणपण आहे, ते सोलापूरचा इतिहास ऐकल्यावर कळतं.

आता कामाच्या गोष्टी. आईबाप तुरुंगात असलेल्या मुलांसाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. मुलाच्या सांभाळासाठी महिन्याला २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा. बाईला आणि कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचं. दाखला नाही म्हणून शाळा मुलाला परत पाठवू शकत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात आहे. मूल एकटं पडलं असेल, उपाशी असेल, तर १०९८ ला फोन लावा. राज्यातल्या तुरुंगांत ‘गळाभेट’ हा उपक्रमही होतो. त्यात मधली काच-जाळी नसते, मूल आईबापाच्या मांडीवर बसू शकतं. तो कधी आहे ते तुरुंगात विचारून ठेवा.

शेवटी गटाचं बोलू. अशा बाईने कर्ज मागितलं की बैठकीत कुजबुज सुरू होते, हप्ता कोण भरणार? प्रश्न रास्त आहे, पैसा सगळ्यांचा आहे. मग तो तिच्यासमोर विचारा. तिची कमाई बघा, झेपेल तेवढा हप्ता ठरवा, थोडी मुदत द्या. इतर बायांना जो नियम तोच तिला. पण नवऱ्याच्या खटल्यावरून तिचं नाव गटातून काढू नका. त्या महिन्यात गट सुटला तर मुलाची फी कुठून भरणार? सावकाराकडूनच.

आणि घरी आपल्या पोरांना एवढं सांगा, त्याचा बाप कुठे आहे ते विचारू नकोस, खेळायला चल म्हण. पुढच्या बैठकीत हा विषय काढा. तुमच्या वस्तीत बालसंगोपनचा अर्ज कुणाचा राहिलाय ते बघा आणि कागद गोळा करायला तिच्याबरोबर एकजण तरी जा.