आकडा आणि अवधान

टिळक रस्त्याने स्वारगेटकडे जाताना महाराष्ट्रीय मंडळाचे आवार लागते. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली स्थापन केलेली ही संस्था. तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर, भाड्याच्या एका हॉलमध्ये मी पिलाटेस शिकवते. नव्याने येणाऱ्या बायका दोनपैकी एक प्रश्न हमखास विचारतात. हे परदेशी खूळ आहे का? किंवा, ही आपलीच योगासने त्यांनी उचलली ना? इतिहास चाळला तर या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी असलेली समजूत टिकत नाही.

जोसेफ पिलाटेस हा १८८३ मध्ये जर्मनीतल्या म्यूनशेनग्लाडबाख इथे जन्मला. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी तो बेजार होता, असे त्याची चरित्रे सांगतात. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये जर्मन म्हणून नजरकैद, त्यातला बराच काळ आइल ऑफ मॅनवरच्या छावणीत. १९२६ मध्ये न्यूयॉर्क. खाटेच्या स्प्रिंगा काढून त्याने छावणीतल्या आजाऱ्यांना व्यायाम दिला, ही कथा त्याचे अनुयायी आवडीने सांगतात. मला तिला दंतकथेचा वास येतो. पद्धतीला त्याने स्वतःचे नाव दिले नव्हते. तो तिला ‘कॉन्ट्रॉलॉजी’ म्हणे, म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र. १९४५ च्या पुस्तकात त्याने सतरंजीवर करायचे ३४ व्यायाम मांडले.

तो ज्या जर्मन शरीरसाधनेच्या वातावरणात वाढला, तिचीच एक लाट त्याच्याही आधी औंध संस्थानात येऊन पोचली होती. युजेन सँडो हा मूळचा प्रशियातला बलोपासक. (आपल्या घराघरांतल्या सँडो बनियनला याचेच नाव.) औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याची साधने मागवून कित्येक वर्षे त्याच्या पद्धतीने व्यायाम केला आणि मग सूर्यनमस्कारांकडे वळून त्यांचा आयुष्यभर प्रचार केला. १९३८ मध्ये त्यांचे नमस्कारांवरचे इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले. ही ये-जा दोन्ही दिशांनी चालू असताना कोणी कोणाचे उचलले, हा हिशेब मांडण्यात फारसा अर्थ नाही.

मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळा भेद. आपल्या तालमींचा जीव आकड्यात होता. किती जोर, किती बैठका, किती नमस्कार. शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीपासून गावोगावच्या आखाड्यांपर्यंत बळ मोजले जाई ते संख्येत, आणि त्याने पिढ्या घडवल्या, हेही खरे. पण आकड्याबरोबर अवधानही लागते, हे १९२०-३० च्या दशकांत काहींना जाणवू लागले. स्वामी कुवलयानंद बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले, म्हणजे आकड्याच्याच परंपरेतले. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि उड्डियान, नौली करताना पोटात काय घडते हे क्ष-किरणांनी व दाबमापकाने तपासले. नौलीत पोटाचे उभे स्नायू वेगळे काढून फिरवतात. पिलाटेस ज्या मध्यशरीराला बळाचे घर मानतो, ते हेच.

दुसरे नाव बी. के. एस. अय्यंगार यांचे. १९३७ मध्ये डेक्कन जिमखान्यावर शिकवायला पुण्यात आले, तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे, क्षय आणि विषमज्वराने खंगलेले. समोरचे विद्यार्थी त्यांच्याहून धडधाकट! आकड्यात ते जिंकणे शक्यच नव्हते. पायाची करंगळी जमिनीला टेकली की नाही, इथपर्यंत जाणारी त्यांची सूक्ष्मता त्या अडचणीतून आली असावी, असे मला वाटते. पुढे दोर, विटा, पट्टे, खुर्च्या आल्या. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांनाही आसन साधू लागले.

दोघे आजारी मुलगे, दोघे साधनांचे कर्ते. पण साधने परस्परविरुद्ध. वीट आधार देते, स्प्रिंग ओढते. पिलाटेसच्या ‘रिफॉर्मर’ नावाच्या सरकत्या पाटावर पाय रेटले की स्प्रिंग ताणते आणि जसजशी ताणते तसतशी जड होते. रेटणे सगळ्यांना जमते. परत येताना पाट धाडकन आदळतो. कारण येताना स्प्रिंगला हळूहळू सोडायचे असते आणि स्नायू लांब होत असतानाच त्याने काम करायचे असते. जिना उतरताना गुडघा जे करतो तेच. साठीच्या बाईला जिना चढण्यापेक्षा उतरण्याची भीती का वाटते, हे या पाटावर तिला दहा मिनिटांत उमगते. इथे आवर्तने दहाच्या वर क्वचितच जातात.

शिकवताना खरी मदत भाषेची होते. ‘कोअर’ म्हटले की चेहरे कोरेच राहतात. ‘ओटीपोट’ म्हटले की बाळंतपणे झालेल्या बायकांना जागा नेमकी कळते. खवाटा, खुबा, माकडहाड, बरगडी हे शब्द तयारच आहेत. ‘पोट आत’ मात्र मी सांगत नाही. ते ऐकताच छाती फुगते आणि श्वास कोंडला जातो. जोर काढताना दम धरायची जुनी सवय ती. ‘श्वास सोडत बरगड्या मिटवा’ म्हटले की पोट आपोआप आत जाते.

आता प्रश्न शिकवणार कोण, हा. पिलाटेस १९६७ मध्ये वारला तो वारस न नेमता. पत्नी क्लारा आणि रोमाना क्रिझानोव्हस्का यांच्यासारख्या शिष्यांनी काम पुढे नेले. नावाच्या हक्कावरून वाद झाला आणि ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ‘पिलाटेस’ हा कराटे किंवा योग यांसारखा सामान्य शब्द ठरवला. शब्द मोकळा झाला. तो स्वारगेटपर्यंत पोचला याचे एक कारण तो निकाल आहे. कोणीही पाटी लावू शकते, याचेही कारण तोच. उलट अय्यंगारांच्या नावाने शिकवायचे तर आधी काही वर्षांची साधना, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र. माझी स्वतःची पाटी त्या निकालामुळेच लागली आहे. तरी मणक्याची चकती सरकलेली बाई दारात उभी राहिली की मला मॉडेल कॉलनीतल्या त्या संस्थेची शिस्त आठवते, आणि मी तिला आधी डॉक्टरांचा कागद मागते.